गाळातले डायटम आणि किनाऱ्याचा इतिहास

मुंबईच्या अपोलो बंदरावर समुद्रपातळीची नोंद 1878 पासून होत आली आहे. आशियातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. पण त्याआधीचे काय? खाडीचे पाणी कुठवर खारे होते, उधाणाची भरती कुठल्या शेतापर्यंत चढत होती, एखादी प्रचंड लाट किनारा ओलांडून आत आली होती का, सांडपाण्याने खाडीचा तळ कधीपासून बिघडू लागला? या प्रश्नांना उत्तर देणारे यंत्र त्या काळी नव्हते आणि कागदपत्रे तुटपुंजी आहेत. खाड्यांच्या काठी आणि तळाशी थरावर थर साचलेला गाळ मात्र आहे आणि त्यात डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाची कवचे आहेत.

या कवचांवरून किनाऱ्याचा भूतकाळ वाचण्याच्या पद्धतीला आता शंभर वर्षे होत आली. त्यातून मिळालेली काही उत्तरे पक्की ठरली, काहींवर अजून जोरदार मतभेद आहेत. हे शास्त्र आज कुठे उभे आहे, त्याचा हा आढावा.

कवच आणि त्याचे वाचन

डायटम एकपेशीय असतात. बहुतेकांचा आकार मिलिमीटरच्या दोनशेव्या भागापासून पाचव्या भागापर्यंत. पेशीभोवती सिलिकाचे कवच असते आणि ते दोन भागांचे असते. कुंकवाच्या करंड्यावर झाकण बसावे तसा एक भाग दुसऱ्यावर बसतो. कवचावर छिद्रांची आणि रेघांची नक्षी असते, ती प्रत्येक जातीची वेगळी. ढोबळमानाने दोन घराणी सांगता येतात : गोल, त्यातले बरेचसे पाण्यात तरंगणारे, आणि लांबट, त्यातले बरेचसे तळाशी, वाळूच्या कणावर किंवा पाणवनस्पतींवर राहणारे. पेशी काही दिवसांत मरते, कवच गाळात उरते.

या जाती जागेच्या बाबतीत फार चोखंदळ असतात. कुणाला गोडे पाणी लागते, कुणाला मचूळ, कुणाला निखळ खारे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातही त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. रोज दोनदा बुडणाऱ्या चिखलात एक मंडळी, फक्त उधाणालाच जिथे पाणी येते त्या वरच्या काठावर दुसरी. पाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस वाढला की आणखी तिसऱ्याच जाती फोफावतात. सगळी पद्धत या चोखंदळपणावर उभी आहे.

काम कसे चालते तेही पाहू. जमिनीत नळी खुपसून गाळाचा सलग दांडा वर काढतात. त्याच्या ठरावीक खोलीवरून चिमूटभर गाळ घेऊन हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तापवतात, म्हणजे त्यातले सेंद्रिय द्रव्य जळून जाते. शिंपल्यांचा चुना आम्लाने विरघळवतात. मग पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन एक थेंब काचेवर सुकवायचा आणि तो विशिष्ट राळेत बसवायचा. साध्या पाण्यात सिलिकाचे कवच नीट दिसत नाही. या राळेचा वक्रीभवनांक जास्त असल्याने नक्षी उठून दिसते. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली हजारपट मोठे करून एकेक कवच नावानिशी मोजायचे. एका नमुन्यात निदान तीनशे-चारशे कवचे मोजण्याची रीत आहे आणि एका दांड्यातून असे कितीतरी नमुने घ्यावे लागतात. थराचे वय ठरवायला अलीकडच्या शे-दीडशे वर्षांसाठी शिसे-210 वापरतात, त्याचा अर्धायुकाळ सुमारे 22 वर्षे आहे. अणुचाचण्यांमुळे 1963 च्या सुमारास शिगेला पोहोचलेले सीझियम-137 पडताळ्याला घेतात. त्याहून जुन्या थरांसाठी कार्बन-14.  

सुरुवात आणि एक जुना इशारा

जर्मनीचे क्रिस्टियान एरेनबेर्ग हे या क्षेत्राचे आद्य पुरुष. चार्ल्स डार्विनने बीगल जहाजाच्या प्रवासात केप व्हर्द बेटांजवळ हवेतून पडणारी बारीक धूळ गोळा केली होती. ती आणि त्या भागातली आणखी काही धूळ एरेनबेर्ग यांनी तपासली, तेव्हा तिच्यात 67 प्रकारचे सूक्ष्म सेंद्रिय अवशेष निघाले. दोन सोडले तर त्यांतले सूक्ष्मजीव गोड्या पाण्यातले होते. भर समुद्रात गोड्या पाण्याची कवचे वाऱ्याने येऊन पडतात, ही गोष्ट तेव्हाच कळली होती. पुढच्या वादांचे बीज त्यातच आहे.

पद्धतीला शिस्त आली ती 1927 मध्ये. कोल्बे यांनी डायटमांची क्षारतेनुसार वर्गवारी केली आणि फ्रीडरिश हुस्टेट यांनी पुढे तिच्यात सुधारणा केल्या. बाल्टिक समुद्र ही त्या काळची मोठी प्रयोगशाळा होती. हिमयुगाचा बर्फ वितळल्यावर बाल्टिक कधी समुद्राला जोडलेला, कधी तुटलेला राहिला. अँकिलस सरोवराच्या काळात तो गोडा होता, नंतर लिटोरिना समुद्राच्या काळात पुन्हा खारा झाला. गाळातल्या जातींची अदलाबदल हा टप्पा न टप्पा दाखवते. स्वीडनमध्ये विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या महिला आस्ट्रिड क्लेव्ह यांनी स्वीडन आणि फिनलंडच्या डायटमांचा मोठा कोश केला, तो आजही चाळला जातो.

स्कॅन्डिनेव्हियात बर्फाचे ओझे उतरल्यामुळे जमीन वर येत गेली आणि किनाऱ्यालगतची डबकी समुद्रापासून एकेक करून तुटली. अशा डबक्याच्या गाळात खाली खाऱ्या, मध्ये मचूळ आणि वर गोड्या पाण्याच्या जाती ओळीने सापडतात. जिथे क्रम बदलतो त्या थराचे वय काढले की त्या वेळची समुद्रपातळी कळते. डायटमांचा हा उपयोग सर्वांत भक्कम आहे आणि त्याबद्दल आज कुणाचा वाद नाही.

मात्र 1957 मध्ये याच कोल्बे यांनी अटलांटिकच्या खोल तळाच्या गाळात गोड्या पाण्याचे डायटम सापडल्याचे प्रसिद्ध केले. बुडालेल्या भूभागाच्या कल्पनेला त्यातून काहींनी बळ दिले. आज वारा आणि प्रवाह हेच त्याचे कारण मानले जाते. ज्याने क्षारतेची मोजपट्टी बनवली त्यालाच तिची मर्यादा समोर ठेवावी लागली.

भूकंप आणि लाटा

या पद्धतीने सर्वांत गाजलेले काम केले ते अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर. ब्रायन ॲटवॉटर यांनी 1987 मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या खाड्यांत एक विचित्र रचना दाखवली. जुनी दलदलीची जमीन एकदम गाडली गेलेली, तिच्यावर वाळूचा पातळ पापुद्रा आणि त्यावर भरतीच्या पट्ट्यातला चिखल. त्यांचा निष्कर्ष असा, की मोठ्या भूकंपात किनारा खाली बसला आणि पाठोपाठ लाट आली. कुणी म्हणू शकले असते की नदीच्या पुराने किंवा वाळूचा बांध फुटल्यानेही असे घडेल. त्यामुळे स्वतंत्र पुरावा हवा होता.

आयलीन हेम्फिल-हेली यांनी निआविआकम नदीकाठच्या थरांतले डायटम मोजले. गाडलेल्या मातीत भरतीच्या सर्वांत वरच्या काठावरच्या जाती होत्या, लगेच वरच्या चिखलात उघड्या चिखलवटीवरच्या. मधला संथ टप्पा नव्हता. म्हणजे पातळी अचानक बदलली. शिवाय वाळूच्या कणांना चिकटून राहणाऱ्या जाती त्या काळी तिथे आल्या होत्या, त्या नेहमीच्या भरतीने येणाऱ्या नव्हत्या. वृक्षांच्या वलयांनी आणि केंजी साताके व सहकाऱ्यांनी 1996 मध्ये शोधलेल्या जपानी नोंदींनी त्या भूकंपाची तारीखही ठरवली : 26 जानेवारी 1700. घटना झाली, अचानक झाली आणि लाट आली, या तिन्ही गोष्टींत डायटमांचा शब्द खरा ठरला. जमीन किती बसली या प्रश्नाला मात्र हेम्फिल-हेली यांचे उत्तर किमान 0.8 ते 1 मीटर आणि कमाल सुमारे 3 मीटर असे होते. ही तफावत लक्षात ठेवावी, पुढच्या वादाचे मूळ तिच्यात आहे.

लाटेचा थर ओळखण्याबाबत 2004 ची हिंदी महासागरातली त्सुनामी ही दुःखद पण मोलाची कसोटी ठरली, कारण थर कशाने झाला हे सगळ्यांना ठाऊक होते. थायलंडच्या फ्रा थाँग बेटावरचा वाळूचा थर युकी सावाई आणि सहकाऱ्यांनी खालपासून वरपर्यंत तपासला. अगदी खाली, जाड वाळूत, वाळूला चिकटून राहणारे पुळणीवरचे आणि उथळ समुद्रातले डायटम होते आणि ते बहुतांशी अखंड होते. मध्यावर तरंगणाऱ्या सागरी जाती आल्या, त्यांची कवचे मोडलेली. सर्वांत वर, बारीक मातीत आणि पालापाचोळ्यात, गोड्या, मचूळ आणि खाऱ्या पाण्याची सरमिसळ. याचा अर्थ त्यांनी असा लावला की प्रवाह जोरात असताना जड वाळू आणि तिला चिकटलेली कवचेच खाली बसली. हलकी कवचे खळबळीत घुसळून मोडली आणि जोर ओसरल्यावर स्थिरावली. दोन लाटांच्या मधल्या संथ वेळात जमिनीवरून ओढून आणलेले सगळे खाली बसले. हाताच्या बोटाएवढ्या थरात एका लाटेचा चढ आणि उतार वाचता आला, ही या शास्त्राची मोठी कमाई आहे.

पण 2011 मध्ये जपानच्या सेंदाई मैदानावर उलटेच दिसले. तिथल्या त्सुनामीच्या वाळूत गोड्या आणि मचूळ पाण्याच्या जातीच प्रामुख्याने होत्या, सागरी फारच कमी. लाटेने समुद्रतळ कमी आणि पुळण व शेतजमीन जास्त खरवडून आणली होती. म्हणून सागरी डायटम नाहीत एवढ्यावरून लाट आली नव्हती असे म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूने, मोठे वादळही सागरी डायटम आत आणते. एका गटाच्या मते थरातला क्रम, मोडतोडीचे प्रमाण आणि लाट किती आत गेली हे एकत्र पाहिले तर वादळ आणि त्सुनामी वेगळे करता येतात. दुसऱ्या गटाला हे निकष एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी लागू पडतील याची खात्री वाटत नाही. सेंदाईनंतर दुसऱ्या गटाचे म्हणणे मला अधिक वजनदार वाटते.

मीटरमध्ये उत्तर : खरा वाद इथे आहे

समुद्राच्या तळाच्या गाळातल्या सूक्ष्म जीवांवरून जुने तापमान अंशांत काढण्याची गणिती रीत जॉन इंब्री आणि निल्वा किप यांनी 1971 मध्ये दाखवली. तीच रीत भरतीच्या पातळीलाही लावता येते : आज कुठली जात कुठल्या उंचीवर राहते याचे नमुने घ्यायचे, त्यावरून सूत्र बसवायचे आणि ते सूत्र जुन्या थराला लावायचे. योंगकियांग झाँग आणि बेंजामिन हॉर्टन यांनी 1999 मध्ये ब्रिटनच्या खारदलदलींतल्या डायटमांवरून भरतीपातळीसाठी असे सूत्र मांडले. त्यानंतर वर्णनाची जागा आकड्याने घेतली : पातळी अमुक मीटर, कमीजास्त काही दशांश मीटर.

समर्थकांचा मुद्दा साधा आहे. आकडा आणि त्यासोबत त्रुटीची मर्यादा सांगितली तर निष्कर्ष तपासता येतो, दुसऱ्या ठिकाणाशी ताडता येतो आणि समुद्रपातळीच्या प्रारूपांत घालता येतो. नुसते ‘पाणी चढले’ म्हणण्याने यातले काही साधत नाही. ही बाजू हलक्यात घेण्यासारखी नाही.

आक्षेप तीन दिशांनी आले. एक, कवचे वाहतात. भरतीबरोबर तरंगणाऱ्या जाती वरच्या काठावर येऊन पडतात आणि पॅरालिया सल्काटासारखी जाड कवचाची जात सगळीकडे टिकून राहते, त्यामुळे थरात जे सापडते ते तिथेच जगले असे मानता येत नाही. बेयेन्स आणि डेनिस यांनी हे 1982 मध्येच सांगितले होते. फॉस आणि डी वोल्फ यांनी 1993 मध्ये जातींचे परिसरानुसार गट करून त्यावर तोड काढली. दोन, गणिताचा दोष. रिचर्ड टेलफर्ड आणि जॉन बर्क्स यांनी 2005 मध्ये दाखवले की जवळजवळच्या जागांचे नमुने मुळातच एकमेकांसारखे असतात, त्यामुळे सूत्राची परीक्षा सोपी होते आणि चूक आहे त्याहून कमी दिसते. तीन, सर्वांत मूलगामी. स्टीव्ह जगिन्स यांच्या 2013 च्या लेखाच्या शीर्षकातच हे शास्त्र आजारी आहे का असा प्रश्न होता. ज्या घटकाचा आपण आकडा काढतो तोच डायटमांना बदलतो कशावरून? उंची, क्षारता, वाळूचे प्रमाण आणि पोषकद्रव्ये बऱ्याचदा एकत्रच बदलतात. आज ती एकत्र बदलतात म्हणून पूर्वीही तशीच बदलत होती, असे गृहीत धरता येत नाही.

जगिन्स स्वतः ही सूत्रे बनवणाऱ्यांपैकीच आहेत, म्हणून त्यांचा आक्षेप कुणी बाहेरच्याची टीका म्हणून बाजूला सारू शकले नाही. यानंतर बरीच सुधारणा झाली. सूत्र लावण्याआधी थरातल्या जातींचे आजचे जोडीदार खरोखर आहेत का हे तपासण्याची पद्धत रूढ झाली. तरी नमुने स्थानिक घ्यावेत की विस्तृत प्रदेशातून, हा प्रश्न सुटलेला नाही. स्थानिक घेतले तर अचूकता येते पण जुन्या काही जाती आजच्या यादीत मिळतच नाहीत. विस्तृत घेतले तर त्या मिळतात, पण अचूकता ढासळते.

पोषकद्रव्ये आणि खाडीचे आरोग्य

अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात शेरी कूपर आणि ग्रेस ब्रश यांनी चॉपटँक नदीच्या मुखाजवळून चार दांडे काढून 1991 मध्ये सुमारे दोन हजार वर्षांचा इतिहास मांडला. युरोपीय वसाहत आल्यानंतर गाळ साचण्याचा वेग, पोषकद्रव्ये आणि तळाशी प्राणवायूची टंचाई ही सगळी वाढली. जातींची विविधता घटली आणि लांबट जातींच्या तुलनेत गोल जाती वाढल्या, कारण गढूळ पाण्यातून तळापर्यंत ऊन पोहोचेना. इथे निष्कर्ष पक्का वाटतो तो डायटमांसोबत परागकण, गंधक आणि लोह यांचेही पुरावे घेतले म्हणून. मात्र जंगलतोडीने आलेला गढूळपणा किती आणि खतांचा नायट्रोजन किती, हा वाटा एकट्या डायटमांवरून वेगळा काढता येत नाही.

युरोपीय संघाच्या 2000 सालच्या जलविषयक निर्देशाने या संशोधनाची सरकारी गरज निर्माण केली. पाणी बिघडण्यापूर्वी कसे होते हे ठरवल्याशिवाय ते किती सुधारायचे हे ठरत नाही. डेन्मार्कच्या रॉस्किल्ड फ्योर्डमध्ये डायटमांच्या सूत्राने काढलेला विरघळलेला नायट्रोजन शतकभरात 85 टक्क्यांनी वाढला, त्यातही 1950 नंतर सर्वांत वेगाने. हेलसिंकीजवळच्या लायालाहती उपसागरात सांडपाण्याबरोबर तो चढला आणि सांडपाण्यावर उपाय झाल्यावर उतरला. हा उतार माझ्या मते फार महत्त्वाचा आहे, कारण तिथे उत्तर आधीच ठाऊक होते आणि सूत्राने ते बरोबर सांगितले. सगळ्या सूत्रांची अशी परीक्षा झालेली नाही.

नावे आणि जनुके

एके काळी एकाच प्रजातीत कोंबलेले कितीतरी डायटम गेल्या चार दशकांत वेगळे केले गेले. सूक्ष्मदर्शकाखाली एकच दिसणारी जात जनुकीयदृष्ट्या अनेक निघते आणि त्यांच्या आवडीनिवडीही वेगळ्या असतात. जुन्या याद्या आणि नव्या याद्या जुळवणे त्यामुळे अवघड झाले. गाळातल्या डीएनएवरून जाती ओळखण्याचे तंत्र पुढे आले आहे. पातळ कवचाच्या जाती समुद्राच्या पाण्यात विरघळून जातात, त्यांचा माग डीएनएने लागू शकतो. पण डीएनएही वाहतो, कुजतो आणि उष्ण प्रदेशात लवकर कुजतो. तूर्त तो कवचांना पूरक आहे, त्यांची जागा घेणारा नाही.

कोकणात हे शास्त्र लावताना

आपल्या किनाऱ्यावर प्रश्नांची वाण नाही. मालवणजवळच्या लिग्नाइटच्या थरांत खारफुटीचे अवशेष आहेत. त्यांवरून एके काळी समुद्र आजच्याहून उंच होता, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी 2004 मध्ये मांडले. दापोली तालुक्यात केळशीच्या वाळूच्या टेकडीत शिंपले, खापऱ्या आणि कोळसा असलेला थर आहे. सप्टेंबर 1524 मध्ये वास्को द गामाच्या ताफ्याला या किनाऱ्याजवळ समुद्र हादरल्याचा अनुभव आल्याचे पोर्तुगीज बखरकार सांगतात आणि सी. पी. राजेंद्रन व सहकाऱ्यांनी केळशीचा थर त्या घटनेशी जोडला आहे. थरातला मालमसाला मानवी वस्तीचाही असू शकतो, म्हणून शंका उरते. मकरान किनाऱ्याच्या 1945 च्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती, तेव्हा धोका काल्पनिक नाही. डायटम इथे मदत करू शकतील, पण सेंदाईचा धडा विसरता येणार नाही : सागरी जाती सापडल्या तर त्सुनामीचे पारडे जड होईल, न सापडल्या तर काहीच सिद्ध होणार नाही.

याहून मोठ्या अडचणी तीन आहेत. मांडवी-झुवारीसारख्या नद्यांच्या मुखाशी पावसाळ्यात पाणी बरेच गोडे होते आणि उन्हाळ्यात समुद्रासारखे खारे. गाळाच्या एका सेंटिमीटरात कित्येकदा अनेक वर्षांचे पावसाळे आणि उन्हाळे एकत्र दबलेले असतात. युरोपच्या सूत्राला हे मिश्रण ‘कायम मचूळ’ वाटेल आणि ते चुकीचे असेल. दुसरी अडचण भरतीच्या उंचीची. सूत्राची चूक भरती-ओहोटीच्या फरकाबरोबर वाढते. गोव्यात हा फरक सुमारे दोन मीटर, मुंबईत उधाणाला त्याच्या दुपटीहून जास्त. तिसरी अडचण माणसाची. कोकणच्या खारबंदिस्तीने आणि गोव्याच्या खाजणांनी भरतीचे पाणी बांधाने अडवले. बांध घातला की त्यामागे क्षारता घटते आणि गाळात समुद्र मागे हटल्यासारखे दिसते. बांध फुटला की जमीन खचल्यासारखे. गावच्या बांधांचा इतिहास माहीत नसलेला अभ्यासक इथे हमखास फसेल.

गोड्या पाण्यातल्या जातींचा पाया आपल्याकडे आहे. हेमेंद्र गांधी यांनी 1950 च्या दशकात कोल्हापूर आणि पन्हाळ्याच्या परिसरातले डायटम ओळखून प्रसिद्ध केले. खाड्यांसाठी तेवढेच बारकाईचे काम हवे. वाशिष्ठी, सावित्री, मांडवी अशा खाड्यांत चिखलवटीपासून खारफुटीच्या वरच्या काठापर्यंत उंची मोजून, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगवेगळे नमुने घ्यावेत. त्यांच्या काचा सार्वजनिक संग्रहात ठेवाव्यात, म्हणजे नावे बदलली तरी कवच पुन्हा पाहता येईल. दोन मीटर उंचीच्या भरतीच्या पट्ट्यावर बसवलेले सूत्र मुंबईकडे नेऊ नये. ड्रेजरने उपसलेल्या आणि भराव घातलेल्या खाडीचे थर पुन्हा मिळत नाहीत, म्हणून मुंबई आणि ठाण्याच्या खाड्यांपासून सुरुवात व्हावी. आणि हे काम होईपर्यंत कोकणच्या गाळातल्या डायटमांवरून पाणी खारे झाले की गोडे, बदल सावकाश झाला की अचानक, एवढे खुशाल स्वीकारावे. मीटरमध्ये सांगितलेला आकडा स्वीकारू नये.